अधिकार म्हणजे विरजण नव्हे

माझं पहिलं पत्रक एका माणसाने तपासून परत पाठवलं होतं. लाल पेन्सिलीने, शाळेतल्या वहीसारखं. पोस्टाने, स्वतःचं तिकीट लावून.

पत्रकाचं शीर्षक होतं, ‘जुलमी सरकारला जाब विचारा!’ त्यातल्या ‘जुलमी’वर काट मारून समासात लिहिलं होतं, ‘विशेषणाने नोटीस रद्द होत नाही.’ ‘सरकार’खाली दोन रेघा आणि प्रश्न होता, ‘कोणते? कायदा करणारे, नियम करणारे, की सही करणारे? तिघे वेगळे राहतात. पत्ता चुकला की पत्र पोचत नाही.’ खाली मुलुंडचा पत्ता होता.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. भांडुपच्या टेकडीवर आमची झोपडी होती. बाबांची गिरणी बंद पडून ते घरी बसलेले, आई वीस माणसांचे डबे करायची. मी बी. ए. करून संघटनेत पत्रकं लिहीत होते, सायक्लोस्टाइलची शाई नखांतून निघत नसे. सरकारी जमिनीवर बसलेल्या आम्हा लोकांना हटवायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि हा मुलुंडच्या पक्क्या घरातला पेन्शनर माझं शुद्धलेखन तपासत होता. माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी भांडायला गेले.

दार उघडलं एका काटकुळ्या माणसाने. घरातसुद्धा शर्टाचं गळ्याशी असलेलं बटण लावलेलं. खिशाला दोन पेन्सिली, एक लाल, एक निळी.

“कोण?”

“ते पत्रक. माझं आहे.”

“अस्सं. या, पत्रकबाई.”

नाव त्यांनी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. मी त्यांच्या नातीच्या वयाची, तरी शेवटपर्यंत ‘अहो पत्रकबाई’च. मला त्याचा राग यायचा. आमच्याकडे अहो-जाहो करणारा माणूस एक तर जावई असतो, नाही तर वसुलीवाला.

ते सरकारी भाषांतराच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. इंग्रजी कायदे आणि नियम मराठीत आणायचे, हे काम त्यांनी जन्मभर केलं. दोन खोल्यांच्या त्या घरात खाटेखाली राजपत्रांचे गठ्ठे होते. काकू, म्हणजे त्यांची बायको, त्यातल्याच एका गठ्ठ्यावर बसून नारळ खवायची. इमारतीतली पोरं त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘विहितकाका’.

तो शब्द समजून घ्या, कारण त्या शब्दानेच या माणसाचं डोकं खाल्लं होतं. कायद्यात सगळीकडे असतं: ‘विहित नमुन्यात’, ‘विहित मुदतीत’, ‘विहित अधिकाऱ्यापुढे’. म्हणजे काय, तर नमुना कोणता, मुदत किती, अधिकारी कोण, हे कायद्यात नाही. ते नंतर नियमात सांगू. नियम कोण करणार? निवडून आलेले आमदार नाहीत. कचेरी.

“विहित नव्हे हो, विहीर आहे ती,” ते म्हणायचे. “कायदा वाचत चाललात की दर चार पावलांवर एक. वाकून बघा, तळ दिसतो का. सभागृहात हात वर करणाऱ्या एकानेसुद्धा वाकून बघितलेलं नाही.”

माझ्या हातात त्यांनी एक कायदा दिला होता. प्रत्येक ‘विहित’भोवती लाल गोल. पान गोवर आलेल्या पोरासारखं दिसत होतं.

मी म्हटलं, “मग काय, सगळं आमदारांनीच लिहायचं? फॉर्मचा रंगसुद्धा?”

“फॉर्मचा रंग कचेरीने ठरवावा. कोणाचं घर पाडायचं, हे नाही ठरवायचं. घटनेने कायदा करायचं काम ज्याला दिलं, त्याने धोरण स्वतः सांगायचं. तपशील दुसऱ्याने भरला तर चालतो. धोरणच दुसऱ्यावर सोपवलं, तर ते सोपवणं नव्हे, पळून जाणं.”

आतून काकू म्हणाली, “यांना विचार, बाजारातून भाजी कशी आणतात ते.”

ती गोष्ट खरीच होती, मी डोळ्यांनी पाहिली. काकूने पिशवी दिली आणि म्हणाली, “कुठलीही भाजी आणा.” हे जागचे हलेनात.

“कुठलीही म्हणजे? धोरण सांग.”

“अहो, भाजी हो!”

“उद्या मी सुरण आणला तर ओरडशील. आज अमर्याद अधिकार देतेस आणि उद्या कुरकुर करतेस. हे बेकायदेशीर आहे.”

“पालेभाजी. ताजी. दोन जुड्या. आंबट चुका नको, तुम्हाला खोकला आहे.”

“आता कसं! मेथी की पालक, तो तपशील माझा.” आणि खरंच खूश होऊन जिना उतरले.

काकू मला म्हणाली, “चाळीस वर्षं झाली, भाजीचासुद्धा कायदा करून द्यावा लागतो. माहेरी सांगितलं तर हसतात.”

मीही हसले. तुम्हीही हसा, हरकत नाही. पण मेथीची गोष्ट लक्षात ठेवा.

त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दरवर्षी एक ठराव यायचा: ‘वरील कामी पुढील सर्व निर्णय घेण्याचे सर्वाधिकार कार्यकारिणीस देण्यात येत आहेत.’ तुम्ही कुठल्याही मराठी सभेला जा. गणपती मंडळ असो, पतपेढी असो, जातीची परिषद असो. भजी गार व्हायला लागली की कोणीतरी हे वाक्य टाकतो आणि सगळे हात वर करून भज्यांकडे वळतात. काका उभे राहायचे. “कोणत्या कामी? कधीपर्यंत? कोणत्या मर्यादेत?” मागून आवाज यायचा, “बसा हो काका, टाकी साफ करायची आहे, राज्य नाही चालवायचं!” हे विरोधी मत नोंदवूनच बसायचे. एका माणसाचं विरोधी मत, दरवर्षी. सोसायटीत त्यांच्याशी बोलणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.

त्यातली एक शेजारची बाई. तिच्यामुळेच मला ते वाक्य मिळालं. ती एकदा वाटी घेऊन विरजण मागायला आली. काकूने चमचाभर दही दिलं. ती गेल्यावर हे मला म्हणाले, “बघितलंत? आता तिचं दही लागेल. त्यातलं चमचाभर ती वरच्या मजल्यावर देईल. वरची आणखी कोणाला. कोणी काही बोलणार नाही. पण तीच बाई खलबत्ता मागायला आली असती तर?”

“तर काय?”

“खलबत्ता मागून न्यावा, कुटावं, परत आणून द्यावा. मागून आणलेली वस्तू परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही. तुमच्या आईलाही हे माहीत असेल. कायद्यातलं एवढंच सूत्र आहे, लॅटिनमध्ये सांगितलं की वकील फी घेतात. ज्याला अधिकार सोपवलाय, त्याने तो पुढे सोपवायचा नाही. अधिकार म्हणजे विरजण नव्हे, पत्रकबाई. खलबत्ता आहे.”

मी हे वाक्य पत्रकात वापरलं. त्यांनी ते पत्रकही परत पाठवलं. ‘खलबत्ता’तला ‘त्त’ नीट उमटला नव्हता.

मग टेकडीवर नोटिसा आल्या. पंधरा दिवसांत जागा खाली करा. मी एक नोटीस घेऊन मुलुंडला धावले. ते आधी खालपासून वर वाचायचे, म्हणजे सही पहिली.

“ही सही कोणाची?”

“साहेबाची असेल.”

“‘असेल’ म्हणू नका. इथे बघा. ‘सक्षम अधिकारी यांच्या वतीने.’ वतीने! कायदा म्हणतो, सक्षम अधिकाऱ्याने स्वतः तुमचं ऐकून घ्यायचं, स्वतः ठरवायचं. याने कोणाला बसवलंय?”

“मग कायद्यात तसं बसवायची सोय असेल.”

“कायद्यात नाही. नियमात आहे.” त्यांनी खाटेखालून गठ्ठा न चाचपडता बाहेर काढला, पान उघडलं. ‘सक्षम अधिकारी किंवा त्याने प्राधिकृत केलेली कोणतीही व्यक्ती.’ “कोणतीही व्यक्ती, पत्रकबाई. कायद्याने खलबत्ता एकाला दिला. नियमाने त्याला सांगितलं, जा, गावभर वाट. नियमाला हा अधिकार कोणी दिला? कोणी नाही. बापाने जे दिलं नाही ते मुलगा देतोय.”

“तुम्हाला पान पाठ कसं?”

त्यांनी पान मिटलं. मग म्हणाले, “हे मराठी माझं आहे.”

तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. हा नियम भाषांतराला आला तेव्हा त्यांनी फाइलवर टिपण लिहिलं होतं की हे शब्द मूळ कायद्याच्या बाहेर जातात, तरी फेरविचार व्हावा. फाइल वर गेली. खाली आली. त्यांच्या टिपणाखाली वरच्या साहेबाने एकच ओळ लिहिली होती: ‘अनुवादकाने अनुवाद करावा.’

“मग?”

“मग काय. केला.” निळ्या पेन्सिलीने ते टेबलावर टकटक करत राहिले. “चांगला केला. ‘प्राधिकृत’ शब्द तेव्हा एवढा रुळला नव्हता.”

तेव्हापासून ती ओळ त्यांच्या तोंडात बसली होती. काकू म्हणाली, पंखा दुरुस्त करा, की हे म्हणायचे, “अनुवादकाने अनुवाद करावा.” पावसात छत्री विसरली, दूध नासलं, शेजाऱ्याने तोंड फिरवलं, प्रत्येक वेळी तेच. मला वाटायचं, विनोद आहे. तो विनोद नव्हता. दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपतो माणूस, तसं होतं ते.

संघटनेच्या तरुण वकिलाने त्यांचाच मुद्दा उचलला आणि कोर्टाने नोटिसा रद्द केल्या. ज्याने ठरवायचं त्याने ठरवलंच नाही, म्हणून. टेकडीवर ढोल वाजले. मी पेढे घेऊन मुलुंडला गेले. त्यांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा काकूला दिला.

“तुम्ही जिंकला नाहीत, पत्रकबाई. नोटीस हरली.”

“काका, एक दिवस तरी आनंदाने खा ना पेढा!”

“ते परत येतील. या वेळी सही बरोबर असेल. मधल्या वेळात तुमचे कागद नीट करा. कोण कधीपासून राहतंय, ते लिहून काढा. आणि तुमची कमिटी आहे ना, तिचं बघा.”

“कमिटीचं काय बघायचं? आमचे आबा आहेत.”

आबा म्हणजे आमच्या रहिवासी कमिटीचे अध्यक्ष. टेकडीवर पहिली झोपडी त्यांची. गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम होते. कोणाच्या घरी मयत झालं की बांबू आबा आणायचे, कोणाच्या पोरीचं लग्न जमत नसलं की गावाला पत्र आबा लिहायला लावायचे. नळ आबांनी आणला. असा माणूस.

कोर्टानंतर नोटिसा काढणाऱ्या कचेरीतून निरोप आला की चर्चेला या. कोणीतरी जायला हवं होतं. रविवारी सकाळी नळाजवळच्या मोकळ्या जागेत सभा ठेवली. दोन दिवस आधी फळ्यावर सूचना लिहिली, तीही मीच. सगळी टेकडी जमली. आणि टेकडीच्या पायऱ्या चढून, दर वळणावर थांबत, खोकत, गळ्याशी बटण लावलेले विहितकाका आले. मी बोलावलं नव्हतं. मीच कधीतरी बोलता बोलता सभेचा दिवस सांगितला असणार.

ठराव मी लिहीत होते. माझं अक्षर टेकडीवर प्रसिद्ध होतं. आबांनी हात जोडून सांगितलं, “मंडळी, तुमी सांगशात तसा मी करीन.” कोणीतरी म्हणालं, “आबा, तुमीच काय ता ठरवा, आमका काय कळता.” आणि मी लिहिलं. माझ्याच पेनाने, माझ्याच बुद्धीने, कोणी न सांगता लिहिलं: ‘जागेसंबंधी शासनाशी बोलणी करून पुढील सर्व निर्णय घेण्याचे सर्वाधिकार अध्यक्षांना देण्यात येत आहेत.’ मोठ्याने वाचून दाखवलं. किती भारदस्त वाटलं!

“एक मिनिट,” मागून आवाज आला. “बोलणी कशाबद्दल? इथेच राहण्याबद्दल, की इथून जाण्याबद्दलसुद्धा? तेवढं लिहा. आणि सही करण्याआधी कागद पुन्हा या सभेपुढे आणावा, असं लिहा. एकच ओळ आहे.”

“ह्यो कोण म्हातारो?” कोणीतरी विचारलं.

“मुलुंडचो आसा. आबांवर इस्वास नाय म्हणता!”

एवढं पुरे झालं. हुर्यो उडाली. आबांचा चेहरा उतरला. मला लाज वाटली, माझ्यामुळे हा माणूस इथे आलाय म्हणून. मी उठून म्हटलं, “काका, हे सरकार नाहीये. ही आमची माणसं आहेत.”

ते म्हणाले, “सगळीकडे आपलीच माणसं असतात, पत्रकबाई. परक्याला कोण देतो सर्वाधिकार?”

 उत्तर सुचलं नाही की मी काय करते, हे आता मला माहीत आहे. मी पत्रकवाली, मला वर्मी लागणारं वाक्य सापडतं. मी सगळ्यांदेखत म्हटलं, “काका, अनुवादकाने अनुवाद करावा.”

लोक हसले. त्यांना अर्थही माहीत नव्हता, माझ्या आवाजावर हसले. काकांनी माझ्याकडे बघितलं, शर्टाचं बटण चाचपलं, आणि पायऱ्या उतरायला लागले. खाली जाईपर्यंत खोकला ऐकू येत होता. आम्ही अंगठे घेत होतो.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच घडलं. आबा तीन वेळा कचेरीत गेले. चौथ्या वेळी त्यांच्यापुढे कागद ठेवला गेला: टेकडी सोडायला रहिवाशांची संमती आहे, बदल्यात मानखुर्दला, देवनारच्या कचराभूमीच्या अंगाला, मोजून दिलेल्या जागा. आज सही करा, नाही तर उद्या ही जागाही नाही. आबा वाईट नव्हते. हे लिहिताना मला दात खावे लागतात, पण नव्हते. त्यांना घाई केली, दरडावलं, खुर्ची दिली, चहा दिला, ‘आबासाहेब’ म्हटलं. त्यांनी सही केली. कोपऱ्यावरची जागा त्यांना मिळाली, ती आधी ठरली होती की नंतर, मला माहीत नाही. परत येऊन विचारतो, असं ते म्हणू शकले असते. पण परत येऊन विचारायचं, असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी पत्रक काढलं, ‘ही संमती आमची नाही!’ वकिलाकडे गेलो आम्ही सगळे. त्याने संमतीपत्र पुढे केलं. मागे टाचणीने लावलेला ठराव होता.

“हे तुमचंच ना? सभा झाली होती ना? मग आता नोटीस कायदेशीर होती का, सही कोणाची होती, याला काय अर्थ आहे? त्यांनी तुम्हाला हटवलेलं नाही. तुम्ही निघालात.”

आई माझ्या शेजारी उभी होती. तिला वाचता येत नाही. तिने कागदावर वाकून बघितलं.

“बाय, ह्या अक्षर तुझा मा?”

मी कागद उलटा केला.

“माका वाचूक येणा नाय, पण तुझा अक्षर माका कळता.” एवढंच बोलली. अभिमानाने बोलायची ती हे वाक्य, शाळेत असताना. माझ्या वह्या शेजारणींना दाखवताना.

तिचे वीस डबे भांडुपच्या कारखान्यांत जायचे. मानखुर्दहून ते कसे पोचणार होते? पोचले नाहीत.

घर मोडायच्या आधीच्या आठवड्यात मी मुलुंडला गेले. माफी मागायला गेले, असं लिहिलं तर बरं दिसेल. खोटं आहे ते. त्या माणसाने नोटिशीत भोक शोधून दिलं होतं, मला या ठरावातही भोक हवं होतं.

दार त्यांनीच उघडलं. “या, पत्रकबाई.” आवाजात काहीच फरक नव्हता. त्याने मला जास्त लागलं.

मी ठरावाची नक्कल पुढे ठेवली. त्यांनी लाल पेन्सिल काढली. खालपासून वर वाचलं. मग वरून खाली. मग कमिटीची घटना मागितली, तीही मी नेली होती, तीही मीच लिहिली होती. काकूने चहा ठेवला, गार झाला, तिने नेला, दुसरा ठेवला.

“सूचना दिली होती?”

“दोन दिवस आधी. फळ्यावर.”

“घटनेत किती दिवस?”

“दोन.”

“गणपूर्ती?”

“सगळी टेकडी होती.”

“हरकत कोणी घेतली होती?”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते कागदाकडेच बघत होते. थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच मुद्दा हवा होता.

“तुम्ही,” मी म्हटलं.

“मी सभासद नव्हतो. धरता येणार नाही.” आणि पुन्हा वाचायला लागले. दोन तास. त्या माणसाने आमच्यासाठी, ज्यांनी त्याला हसून पायऱ्या उतरायला लावल्या त्यांच्यासाठी, दोन तास ती एक ओळ शोधली. मग पेन्सिल खिशाला लावली. कागदावर एकही लाल खूण नव्हती.

“काही नाही?”

“काही नाही.” त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. “सगळं विहित रीतीने केलंत तुम्ही.”

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ‘मी सांगितलं होतं’ म्हणायला हवं होतं, म्हणजे मला भांडता आलं असतं. ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले. तोंडात नेहमीची ओळ आली असावी, ओठ हलले, पण माझ्यादेखत त्यांनी ती गिळली. मी सभेत ती वापरली, तेव्हापासून ती त्यांची राहिली नव्हती.

निघताना काकूने विचारलं, “तिकडे नवीन ठिकाणी ओळखीचं कोणी आहे का गं?”

“नाही.”

ती आत गेली आणि स्टीलची लहान वाटी घेऊन आली. वर फडकं बांधलेलं. “विरजण आहे. पहिल्या दिवशी दुकानाचं दही नको लावायला. वाटी परत नाही आणलीस तरी चालेल.”

मानखुर्दच्या जागेत चार बांबू, वर प्लॅस्टिक. वारा देवनारकडून आला की कचऱ्याचा धूर थेट चुलीपर्यंत येतो. बाबा दिवसभर तोंडाला पंचा लावून बसतात. आई आता डबे करत नाही. इथेही कमिटी झाली आहे. पहिल्या सभेत सर्वाधिकाराचा ठराव आला. मी उठून विचारलं, कशासाठी आणि कधीपर्यंत. लोक म्हणाले, बस गं खाली, गटार काढायचं आहे. ठराव लिहायला मला सांगितलं नाही. दुसऱ्या एका पोरीने लिहिला. अक्षर वाईट होतं. चाललं.

पुढच्या वर्षी मुलुंडला गेले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारची बाई म्हणाली, काका गेले, काकूला भाऊ माहेरी घेऊन गेला. राजपत्रं रद्दीवाल्याने नेली, दोन फेऱ्या लागल्या. सोसायटीने शोकसभा घेतली आणि त्याच सभेत जिन्याच्या कामाचे सर्वाधिकार कार्यकारिणीला दिले. ठराव एकमताने झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमताने.

त्यांच्यासाठी मी पत्रक काढलेलं नाही. कोणाला जाब विचारायचा, ते लिहिताना पत्ता माझाच येतो.

ते विरजण मात्र लागलं. पहिल्याच रात्रीच्या दुधाचं सकाळी घट्ट दही झालं. पलीकडच्या झोपडीतली बाई, कुठल्या गावची, कोणत्या जातीची, कुठून उठवून आणलेली, काही माहीत नाही, वाटी घेऊन दारात उभी राहिली. आईने काही न विचारता तिला चमचाभर दिलं. संध्याकाळी तिच्या वाटीतलं आणखी कोणी नेलं.

ते पुढे देता येतं.